बिलाच्या मागं लिहिलेलं तुझं नाव

सुखदेव,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्या कंपनीतला एक जण बोलायला उभा राहिला. बुद्धवंदना झाली होती, फोटोला फुलं वाहून झाली होती. तो म्हणाला, "खरात साहेब कामाला एकदम चोख. फक्त जेवणाचे जरा शौकीन. पुरवठादारानं बोलावलं की साहेबांना नाही म्हणवत नसे." मंडपात दोन-चार जण हसले. वाईट हेतूनं नाही हसले, गेलेल्या माणसाच्या एखाद्या लाडक्या खोडीवर हसावं तसे हसले. कमलवहिनी पुढं पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून "हे खोटं आहे" म्हणायला मला काय लागत होतं? गुडघे दुखतात, एवढंच. मी उठलो नाही. कार्यक्रम संपल्यावर भोजनदान होतं, तिथंही थांबलो नाही. घरी काम आहे म्हणून निघालो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाला घरी कसलं काम असतं?

रिक्षात बसल्यावर मला माझीच किळस आली. ही किळस नवी नाही. पण तू होतास तोवर ती थोडी झाकलेली असायची. वाटायचं, अजून वेळ आहे, सांगू कधीतरी. आता ऐकायला तू नाहीस, तेव्हा मी सांगायला बसलोय. यातही माझी सोयच आहे, हे मला कळतं.

तू जेवणाचा शौकीन! माझ्या केबिनमधलं तुझं जेवण मला अजून दिसतं. तुझ्या कंपनीच्या खरेदी विभागातून तू आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात, जिथं मी हिशेब सांभाळायचो, माल तपासायला यायचास. दुपारी जेवायची वेळ झाली की शेठ स्वतः यायचे, "चलो खरात साब, बाहर चलते हैं." तू हातातला डबा वर करून दाखवायचास. "हे काय, बाहेरूनच तर आणलंय, शेठ." मग माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्र पसरून तू डबा उघडायचास. दोन भाकरी, कोरडं बेसन, ठेचा. पाण्याची बाटलीसुद्धा घरची. तुमच्या कंपनीचा नियम होता, पुरवठादाराकडं पाण्याच्या पुढं काही घ्यायचं नाही. तू पाणीही घ्यायचा नाहीस. त्या दुष्काळात तर मुळीच नाही. "तुम्हीच टँकरचं पिता पंत, त्यात मी कशाला वाटेकरी?"

आणि दर वेळी, अगदी दर वेळी, तू डब्याच्या झाकणावर थोडा ठेचा काढून माझ्याकडं सरकवायचास.

"घे पंत. कमलनं केलाय. लई झणझणीत नाय."

"नको रे. अॅसिडिटी आहे मला."

"व्हय, विसरलोच," असं म्हणून तू झाकण परत ओढून घ्यायचास. इतक्या वर्षांत तू एकदाही विसरला नव्हतास, आणि एकदाही सरकवायचं सोडलं नाहीस. कॉलेजच्या दिवसांपासून आपली ओळख, पुढं दोघांनीही गारखेड्यात घरं बांधली, तेव्हा तिथं सगळी शेतंच होती. आणि एवढ्या वर्षांत आपल्या दोघांत ते झाकण मागं-पुढं होत राहिलं.

आता त्या बिलांकडं येतो.

धंद्यासाठी ग्राहकाला जेवायला नेलं, तर तो खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. कायदा तेवढं मान्य करतो, आणि त्यात काही गैर नाही. जेवताना माणसं मोकळी बोलतात, व्यवहार ठरतात. अट एकच, जेवण खरोखर धंद्यासाठी झालेलं हवं. घरच्या माणसांना घेऊन जेवलात तर तो तुमचा घरखर्च, त्यावर कर भरायचा. इतकं साधं आहे. आमच्या शेठना ते साधं वाटत नसे. घरातले वाढदिवस, साडूचा पाहुणचार, रविवारी पोरांची हौस, सगळ्याची बिलं ते पाकिटात घालून माझ्या टेबलावर टाकायचे. "पंत, ये सब धंदे में डाल दो."

ऑडिटर म्हणाले, "नुसतं बिल चालायचं नाही. कोणाबरोबर जेवलात, तो कुठल्या कंपनीचा, बोलणं कशाबद्दल झालं, हे बिलाच्या मागं लिहा." ते बरोबरच बोलले. खऱ्या जेवणाबद्दल असं लिहिणं दोन मिनिटांचं काम असतं. मी मात्र ते खोट्या जेवणांसाठी करायला लागलो. मार्च उजाडला की वर्षभराची बिलं घेऊन मी एका बैठकीत, एकाच पेनानं, सगळ्यांच्या मागं लिहून काढायचो. माझं अक्षर चांगलं. कॉलेजात तू म्हणायचास, "पंत, तुझ्या अक्षरात खोटंसुद्धा खरं वाटंल." त्या वेळी आपण दोघं हसलो होतो.

नावं कुठून आणायची? ज्यांना शेठ खरोखर जेवायला न्यायचे, त्यांची नावं लिहायची सोय नव्हती, ते लोक कागदावर यायला तयार नव्हते. मग मी तुझं नाव लिहिलं. 'श्री. सुखदेव खरात यांच्यासमवेत भोजन, नवीन ऑर्डरबाबत चर्चा.' का, ते सांगतो. तुझं नाव इतकं स्वच्छ होतं की त्यावर कोणी बोट ठेवणार नाही, असं मला वाटलं. माणूस घरातली चांगली चादर काढून मळक्या गादीवर टाकतो ना, तसं केलं. एकदा लिहिलं, काही झालं नाही. मग पुन्हा लिहिलं. मग हात आपोआपच चालायला लागला.

कागदावर तू आमच्याबरोबर त्या जालना रोडवरच्या हॉटेलात कितीतरी वेळा जेवलास, सुखदेव. करमाडपासून इकडं सगळ्या विहिरी तळाला गेल्या होत्या, गारखेड्यात चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं, आणि त्या हॉटेलच्या दारात कारंजं चालू असायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटच्या जाहिराती, 'चोवीस तास पाणी' असं लिहिलेल्या. त्या वर्षांत या शहरात कागदावर काहीही लिहिलं तरी चालत होतं.

त्याच उन्हाळ्यात तुझी आई गेली. मी करमाडला, तुमच्या गावी, आलो होतो. शेठच्या मुलीची सोयरीक त्याच दिवशी ठरत होती, म्हणून कारखान्याला अर्धी सुट्टी होती, नाहीतर मला यायला जमलं नसतं. उन्हात बरीच माणसं उभी होती. तुझा भाऊ स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन प्रत्येकापाशी जात होता. टँकर दोन दिवस आला नव्हता, ते पाणी कुठून मागून आणलं होतं कोण जाणे. माझ्यापाशी आला तेव्हा मी हात जोडले, नको म्हणालो. घसा सुकून गेला होता, तरी नको म्हणालो.

दहा-बारा दिवसांनी तू कामावर आलास तेव्हा मला म्हणालास, "पंत, त्या दिवशी तू पाण्याची तंगी वळखून वागलास. भाऊ म्हणला, तुझा दोस्त समजदार आहे."

तू हे मनापासून म्हणालास की मला ओळखून म्हणालास, ते मी आजवर ठरवू शकलो नाही. मी मात्र ती शाबासकी घेतली. निमूटपणे घेतली.

आणि मार्चमध्ये, सगळी बिलं घेऊन बसलो तेव्हा, त्या सोयरिकीच्या जेवणाच्या बिलामागंही मी तुझंच नाव लिहिलं. तारीख पाहिली नाही. तू आईला अग्नी दिलास त्या दिवसाची तारीख. त्या दिवशी मी तुझ्यापासून दहा पावलांवर उभा होतो.

पुढच्या वर्षी आयकर खात्यानं आमची फाइल तपासणीला काढली. अधिकारी तरुण होता, नम्र होता, मला काका म्हणायचा. त्यानं ते बिल उलटसुलट केलं आणि विचारलं, "काका, खरेदी अधिकाऱ्यांनी एका बैठकीत सात आइस्क्रीम खाल्ली?"

शेठ हसले. ऑडिटर हसले. मीही हसलो.

"उन्हाळा होता साहेब," मी म्हणालो.

"हो, आणि दुष्काळ होता," तो म्हणाला. तो हसला नव्हता. त्यानं बिलांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढल्या आणि तुमच्या कंपनीला पत्र लिहिलं, हे तुमचे अधिकारी या तारखांना या जेवणांना हजर होते का, कळवावं. त्याचं काहीच चुकलं नाही. कागदावर नाव आहे म्हटल्यावर त्या माणसाला विचारायलाच हवं. त्याला जे सुचलं ते मला, लिहिणाऱ्याला, सुचलं नव्हतं, की नावामागं माणूस असतो आणि त्याला कोणी विचारू शकतं.

तुमच्या कंपनीत तुला बोलावलं. तू सांगितलंस की यातलं एकही जेवण मी जेवलो नाही. त्यांनी प्रती पुढं केल्या. तू त्या सोयरिकीच्या बिलावर बोट ठेवून म्हणालास की या दिवशी माझी आई वारली. ते म्हणाले, एका तारखेत चूक झाली असेल, बाकीच्यांचं काय? हे मला पुढं इतरांकडून कळलं. एक गोष्ट मात्र मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या बिलांमागं माझं आडनाव असतं, तर आधी चौकशी झाली असती, मग विश्वास बसला असता. तुझ्या नावावर आधी विश्वास बसला. 'संधी मिळाली की हे लोक' असं एक अर्धवट वाक्य तुमच्या कँटीनमध्ये कोणी तरी बोललं, आणि ते पुरं करायची कोणाला गरज वाटली नाही. मी ते वाक्य लहानपणापासून ऐकलेलं आहे. माझ्या घरातच.

मग तू रविवारी सकाळी माझ्याकडं आलास. मी फाटकाशी टँकरची वाट बघत होतो. ओट्यावर बसलास. बायकोनं चहा पाठवला, त्या निळ्या काठाच्या कपात. तो कप तुझा होता, हे तुलाही माहीत होतं. माझी आई असेपर्यंत मी म्हणायचो, आईमुळं आहे. आई जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती, सुखदेव, आणि तो कप फडताळात वेगळाच होता. मी फेकला नव्हता.

तू चहा संपवलास. खिशातून एक कोरा कागद काढलास, चौघडी घातलेला.

"पंत, दोन ओळी पायजेत. तू त्या दिवशी करमाडला होतास. एवढंच लिही. सही कर. बाकीचं मी बघतो."

तू प्रती पाहिल्या होत्यास. माझं अक्षर तुला झोपेतही ओळखता आलं असतं. तरी तू बिलांबद्दल एक शब्द काढला नाहीस. कोणी लिहिलं, का लिहिलं, काही विचारलं नाहीस. मला शरमिंदा न करता बाहेर पडता यावं, इतकी वाट तू माझ्यासाठी मोकळी ठेवली होतीस.

मी काय विचार केला, तेही लिहितो. मी त्या दोन ओळी लिहून सही केली असती, तर ते बिल खोटं ठरलं असतं, आणि मग सगळी थप्पी. थप्पी कोणाच्या हातची? माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मुलीचं लग्न व्हायचं होतं. शेठ म्हणाले होते, "पंत, आप चुप रहो, मैं देख लूँगा."

मी म्हणालो, "बघतो रे. शेठना एकदा विचारतो."

तू कागद तिथंच ओट्यावर ठेवलास, वर कप ठेवलास, वाऱ्यानं उडू नये म्हणून. "बघ," म्हणालास. तेवढ्यात टँकर आला आणि मी पाइप धरायला धावलो. खरं सांगतो, टँकर आल्याचा मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. वळून पाहिलं तर तू गेला होतास.

पुढं काय झालं? शेठनी ती बिलं मागं घेतली, जेवढा कर निघाला तेवढा दंडासकट भरला, आणि फाइल बंद. त्यांना ओरखडासुद्धा आला नाही. तुला खरेदीतून काढून गोदामात बसवलं. आरोप सिद्ध झाला नाही म्हणाले, पण पुसलाही नाही. पोरं तुला गेटवर विचारायची, "खरात साहेब, आज कुठं जेवण?" मुदतीआधी तू नोकरी सोडलीस, तेव्हा हारसुद्धा घातला नाही म्हणे कोणी.

आणि मी? प्रकरण मिटल्यावर शेठ मला त्याच हॉटेलात घेऊन गेले. कारंजं चालूच होतं. मी जेवलो. पनीरची भाजी, नान, शेवटी आइस्क्रीम. घास घशाखाली उतरला नाही, वगैरे लिहावंसं वाटतं, पण ते खोटं होईल. सगळं नीट उतरलं. पोट भरल्यावर समाधानाची ढेकर आली. त्या ढेकरेची मला आज जेवढी किळस येते, तेवढी दुसऱ्या कशाची येत नाही. बिल आलं तेव्हा शेठ डोळा मिचकावून म्हणाले, "इस बार किस का नाम?" त्या बिलाच्या मागं मी काही लिहिलं नाही. तेवढाच माझा पराक्रम.

त्यानंतर आपलं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. कोणी बंद केलं असं नाही, मी वेळ बदलली. दोन-तीन वर्षांनी भाजी बाजारात तू समोर आलास. हातात मेथीची जुडी. तब्येत उतरलेली. तू हसलास आणि म्हणालास, "पंत, एक सांग. त्या हॉटेलात मला लई आवडायचं ते काय होतं रे? लोक इचारतात, मला सांगता येत नाय."

मी म्हणालो, "काहीतरीच तुझं." आणि पालकाचा भाव विचारायला लागलो.

तू थोडा वेळ उभा राहिलास. मी भाव विचारतच राहिलो. तुझा तो प्रश्न तसाच राहिला. आज उत्तर देतो. तुला तिथलं काहीच आवडत नव्हतं, कारण तू तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतंस. तुला कोरडं बेसन आवडायचं. लोकांना हे मीच सांगायला हवं होतं.

भांडला असतास तर बरं झालं असतं. कॉलेजात मेसच्या पैशावरून, निवडणुकीवरून, कशाकशावरून तू माझ्याशी तासन्‌तास भांडायचास आणि शेवटी "चल, तुझंच खरं, पण चहा तू पाज" म्हणायचास. हे एकच भांडण तू केलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे उपकार मानायचे की राग धरायचा, कळत नाही. दोन्ही करतो.

काल मी तो कागद शोधला. तुझाच, चौघडी घातलेला, कपाखालचा. फेकला नव्हता, जुन्या पासबुकांमध्ये ठेवला होता. कपाचा गोल डाग त्यावर अजून आहे. त्याच कागदावर लिहिलं:

'ज्या दिवशी श्री. सुखदेव खरात आमच्याबरोबर जेवले असं सोयरिकीच्या जेवणाच्या बिलामागं लिहिलेलं आहे, त्या दिवशी ते करमाडला आईच्या अंत्यविधीत होते आणि मी तिथं हजर होतो. ते बिल आणि बाकीची सगळी बिलं मी माझ्या हातानं खोटी लिहिली, खरात यांनी आमचा एक घासही खाल्लेला नाही.'

खाली सही केली आणि आज सकाळी तुझ्या घरी गेलो. कमलवहिनी एकट्याच होत्या. कागद दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला. मी त्यांना सांगितलं की हा मी तुमच्या कंपनीत नेऊन देणार आहे, आणि परवा जो बोलला त्याला स्वतः वाचून दाखवणार आहे.

"दोनच तर ओळी हायेत," त्या म्हणाल्या.

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"त्यांना ठाऊक होतं. म्हणायचे, पंत येईल. थोडा भित्रा हाय, पण येईल. दवाखान्यात असताना पण दाराकडं बघायचे." त्यांनी कागदाची पुन्हा चौघडी घातली आणि माझ्या हातात दिली. "न्या. द्या तिथं. मला ठेवून काय करायचंय? मला कुणी सांगायची गरज नव्हती."

नेहमी त्या घरात शिरलं की वहिनी आधी विचारायच्या, "पाणी देऊ?" आणि मी नेहमी म्हणायचो, आताच घेऊन निघालो. आज त्यांनी विचारलं नाही. उन्हातून चालत आलो होतो. जीभ टाळूला चिकटली होती.

"वहिनी, पाणी मिळेल?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उठल्या नाहीत.

"माठ तिथं हाय. हातानं घ्या."

मी उठलो, माठावरचं झाकण काढलं, ओगराळ्यानं पेला भरला आणि तिथंच उभं राहून प्यालो. मग आणखी एक पेला प्यालो. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

मला अॅसिडिटी कधीच नव्हती, सुखदेव.